जांभळ्या काठाचा घेवडा

गिरजाबाईला आमच्या लाइनीत सगळे देवमाणूस म्हणायचे. म्हणोत बापडे. ते तिला समोरच्या दारातून बघायचे. मी राहते मधल्या क्वार्टरमध्ये, एका भिंतीला गिरजाबाई, दुसऱ्या भिंतीला हसीना, आणि बाई कशी आहे हे कळायला तिला परसात बघावं लागतं. ती वाईट होती असं माझं म्हणणं नाही. माझ्या धाकटीच्या बाळंतपणात सव्वा महिना तिनं मला चुलीपुढे बसू दिलं नाही, ते मी कसं विसरेन. पण जळकी होती. शेजारणीच्या वांग्याला फूल आलं की हिच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्याचं औषध कंपनीच्या दवाखान्यात मिळत नव्हतं.

पिंपरीच्या पुढे कंपनीनं कॉलनी बांधली आणि सहासष्ट साली आम्ही राहायला आलो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे परसू. परसू म्हणजे तीन बाजा टाकल्या की भरेल एवढीच जागा. दोन परसांच्या मध्ये मेंदीचं गुडघाभर कुंपण, आणि सगळ्या लाइनीच्या मागून एक लांबच लांब तारेचं कुंपण. त्याच्या पलीकडे ओढा. एवढ्याशा त्या मातीवरून काय रामायण घडेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आम्ही परभणीकडचे. आमच्या घराण्याला जमीन ठाऊक होती ती दुसऱ्याची, खुरपायला. दारात चार वेल लावायचे म्हटलं तरी बियासाठी पाटलाच्या वाड्यासमोर उभं राहायला लागायचं. माझी आई तशी उभी राहिलेली मी बघितली आहे, पदर पसरून, उन्हात. म्हणून क्वार्टरची किल्ली हातात आली तेव्हाच मी ठरवलं, प्रभावती बियासाठी कुणाच्या दारात जाणार नाही. बाजारातून धणे आणले, चपलेखाली रगडून दोन फाका केल्या आणि पेरल्या. मेथी लावली. मोरीच्या पाण्यावर अळू लावलं. कोथिंबीर इतकी गच्च आली की वासानं परसू भरलं. पण तिच्यावर कुणी जळलं नाही. कोथिंबिरीवर कोण जळतंय.

गिरजाबाईची गोष्ट वेगळी. तिचं माहेर चिखलीचं. तिचे वडील धोंडीबा, त्यांचं रान कारखान्यांत गेलं. त्या बदल्यात जावयाला, म्हणजे खंडूभाऊला, कंपनीत नोकरी लागली, तिचे भाऊसुद्धा कुठे कुठे चिकटले, पण म्हाताऱ्याला काही त्या रानावाचून करमलं नाही. वर्षभरात गेले. रान गेलं, विहीर गेली, बाप गेला. राहिला एक घेवडा.

वालाचाच घेवडा, पण शेंगेला जांभळा काठ, लुगड्याला असतो तसा. शिजवला की काठ हिरवा व्हायचा आणि चव अशी की नुसती भाकरी आणि तो रस्सा असला तर माणूस दुसरं काही मागणार नाही. देहूच्या बाजारात लोक नाव घेऊन मागायचे म्हणे, धोंडीबाचा घेवडा आहे का. त्याचं बी गिरजाबाईनं राखेत घोळवून भोपळ्याच्या वाळल्या तुंबडीत भरलं होतं आणि ती तुंबडी चुलीवर आढ्याला टांगलेली असायची. आषाढात पेरायची, दिवाळीला मागची तार जांभळ्या फुलांनी भरायची. शेंगा सगळ्या लाइनीला वाटायची. बी मात्र कुणाला नाही. शेंग वाळायला लागली की दोनदा फेरी मारून वेल झाडून काढायची, एक दाणा खाली पडू द्यायची नाही. कुणी "गिरजाबाईचा घेवडा" म्हटलं की तिथल्या तिथं दुरुस्त करायची. म्हणायची, "माझ्या बाचा हाय त्यो."

तीन वर्षं सगळं सुखात चाललं होतं. मग एकोणसत्तरला हसीना आली.

तिचा नवरा अन्वर कंपनीच्या गॅरेजात. ती पुण्यातली, लष्करातल्या गल्लीत, माडीवर वाढलेली. बाप शिंपीकाम करणारा. माती म्हणून तिनं बघितली ती कुंडीतली. सामानाबरोबर डालडाचे चार डबे आले, त्यात पुदिना. गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. "आली बघ डब्यातली शेतकरीन," मला म्हणाली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पण त्या बाईला लाज म्हणून नव्हती, आणि हे मी चांगल्या अर्थानं म्हणते. ज्याला त्याला विचारायची. भाजीवाल्याला विचारायची, ओढ्यावर म्हशी आणणाऱ्या माणसाला विचारायची, मला विचारायची. आणि ऐकलेलं सगळं करून बघायची. मासळी धुतलेलं पाणी टोमॅटोला, मटण धुतलेलं पाणी वांग्याला. गिरजाबाई माळकरी. ती नाक धरून आत जायची. पण पहिल्याच वर्षी हसीनाच्या टोमॅटोंनी असा काही रंग धरला की रस्त्यानं जाणारी माणसं मागच्या बाजूला येऊन बघून जायची.

"मटनाचं पानी पिऊन माजल्यात," गिरजाबाई म्हणायची. "त्यात काय तिची हुशारी न्हाई."

एके दिवशी हसीनानं वाटीभर टोमॅटो दोन्ही घरी पाठवले. खंडूभाऊ पहिल्या शिफ्टवरून आलेला, ओट्यावर बसून त्यानं एक तसाच मीठ लावून खाल्ला. भोळा माणूस. बायको दारात उभी आहे हेही बघितलं नाही. म्हणाला, "आयला, असलं टमाटं आपल्या चिखलीच्या रानात सुदिक कधी झालं न्हाई, गिरजे." झालं. त्या दिवसापासून चार-पाच दिवस त्याच्या डब्यात भाकरी आणि लाल तिखट. त्याला कळेना आपलं काय चुकलं. मला कळत होतं, पण नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला पडू.

आता बोटाचं सांगते. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, सडतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून, नुसत्या पेरानं दाखवायचं. हसीनानं दुधी लावला होता आणि त्याला बोटाएवढे दुधी लागले होते. गिरजाबाई रोज सकाळी माझ्या परसात यायची, धुण्याचं काहीतरी निमित्त काढून, आणि मेंदीपाशी उभी राहून म्हणायची, "बग ग प्रभावती, किती लागल्यात." आणि बोट सरळ. ताठ, खिळ्यासारखं. प्रत्येक दुधीवर वेगळं. मी म्हटलं, "गिरजाबाई, बोट दुमडा की." तर म्हणाली, "दुमडतच न्हाई, संधिवात हाय." पोळ्या लाटताना बरा संधिवात होत नव्हता.

दुधी काही सडले नाहीत. उलट मांडवाला बांबूचा टेकू द्यावा लागला. हसीनाला कुणीतरी काय ते सांगितलं असावं, तिनं मांडवाला अन्वरची जुनी चप्पल उलटी टांगली. गिरजाबाईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दोन दिवस ती परसाकडं फिरकली नाही. तिचं दुःख एकच होतं आणि ती मला उघड बोलून दाखवायची. "पाच पिढ्या मातीत घातल्या आमी. तिच्या बानं काजं केली. मग तिला का येतंय?" माझ्या बानं तर दुसऱ्याच्याच मातीत पिढ्या घातल्या होत्या.

सत्तरच्या आषाढात नळावर गर्दी होती. हसीनानं सगळ्यांसमोर कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या घेवड्याचं थोडं बी द्याल?"

सगळ्या बायकांनी गिरजाबाईकडं माना वळवल्या. कारण गिरजाबाई स्वतःच सगळ्यांना ऐकवायची, माझा बा म्हणायचा, विरजण आणि बी मागितलं तर न्हाई म्हणू न्हाई, देणाऱ्याचं पीक मरतं. तोवर कुणी मागितलंच नव्हतं. लोकांना शेंगा आयत्या मिळत होत्या, बी राखायची कटकट कोण करतंय. आणि मी तर मागणार नव्हतेच. गिरजाबाईनं माझ्याकडं बघितलं, कळशीकडं बघितलं आणि म्हणाली, "दीन की. त्यात काय एवढं."

दुपारी मी ज्वारी निवडत बसले होते आणि भिंतीपलीकडून वास आला. भाजलेल्या वालाचा. आषाढात वाल कोण भाजतंय म्हणून मी मागच्या दारानं गेले. चुलीवर तवा, तव्यावर मूठभर घेवड्याचं बी, आणि गिरजाबाई उलथन्यानं घाईघाईनं फिरवतेय.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दमट झालं हुतं. ऊब दावतीया."

"ऊब तव्यावर दाखवतात होय?"

"तुला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. तेवढ्यात हसीनाची हाक आली, तिनं तवा गडबडीनं उतरवला आणि बी पदरात ओतून घेतलं. मग बाहेर जाऊन हसीनाच्या ओंजळीत घातलं. आणि बघा कशी रीत असते. बी देताना देणाऱ्यानं दोन शब्द सांगायचे असतात, ते हिच्या तोंडून आपोआप आले. "सगळं पेरू नकोस बरं का. दर साली मूठभर घरात ठेवावं. पीक बुडतंय, बी बुडू न्हाई." हसीनानं मान डोलावली. एखादं औषध कधी घ्यायचं ते ऐकावं तशी लक्ष देऊन ऐकत होती.

संध्याकाळी हसीना मेंदीपाशी आली. हातावर बी. तांबूस दाण्याची एक बाजू काळी पडलेली. "ताई, हे असंच असतं का?"

मला असा राग आला गिरजाबाईचा. पण एकीचं दुसरीला सांगणं मला कधी जमलं नाही, आणि दोघींच्या मध्ये भिंत माझी आहे, भांडण माझ्याच घरातून गेलं असतं. म्हटलं, "घेवड्यातलं मला काही कळत नाही, बाई. पेरून बघ." ती माझ्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहिली आणि गेली.

आषाढ सरला, श्रावण लागला. हसीनाच्या वाफ्यात काही दिसेना. गिरजाबाईची कळी अशी खुलली होती की नागपंचमीला मला तीन पुरणाची दिंडं जास्त दिली. आणि मग एका सकाळी तारेच्या बुडाशी, अगदी कोपऱ्यात, एक रोप. एकच. घाईत फिरवलेल्या तव्यावर एखादा दाणा कडेला राहिला असेल, त्याला आच लागली नसेल. हसीनानं त्याला काड्यांचं कुंपण केलं, राख टाकली, उन्हाला आडोसा केला. दिवाळीला त्या एका वेलानं तिची सगळी तार जांभळी करून टाकली.

पहिल्या शेंगा तिनं गिरजाबाईला आणून दिल्या. ताटलीवर रुमाल झाकून. "तुमच्या हाताचा गुण, वहिनी," म्हणाली. गिरजाबाईनं ताटली घेतली आणि आत नेली. रात्री जेवल्यावर मला म्हणाली, "चव न्हाई त्याला. पानी मारल्यागत लागतंय." पण खंडूभाऊ सांगत होता, हिनं रस्सा तर संपवलाच, वाटीसुद्धा बोटानं पुसून खाल्ली, आणि मग चुलीपुढे बसून रडली. मला ते खरं वाटतं. बापाची चव होती, आणि ती परक्या तारेवरून आली होती, तीही भाजून. एवढं कुणाला सोसेल.

त्यानंतर तिचं मन जागेवर राहिलं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात नळाला करंगळीएवढं पाणी यायचं, तेव्हा दोघी भांडी धुतलेलं पाणी वेलांना घालून जगवायच्या, आणि गिरजाबाई मला विचारायची, "तिनं आज किती तांबे घातले?" मी काय तांबे मोजायला बसले होते? हसीनाची वाटायची रीतही मोठी. गिरजाबाई लाइनीत वाटायची, हसीना कॉलनीभर. पलीकडच्या बारा नंबरच्या लाइनीपर्यंत तिच्या शेंगा जायच्या. हळूहळू लोकांच्या तोंडी नाव बसलं, हसीनाचा घेवडा. लोकांचं काय, ज्याच्या हातून मिळतं त्याचं नाव.

हे गिरजाबाईला कळलं ते असं. कोपऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये विमलबाई म्हणून नवीन बाई आली होती. ती गिरजाबाईकडं विरजण मागायला आली, मागच्या दारातून तार बघितली आणि कौतुकानं म्हणाली, "अगबाई, हसीनाचा घेवडा तुम्हीपण लावलात का?"

तिला बिचारीला काय माहीत. गिरजाबाईनं विरजण दिलं, दार लावलं आणि माझ्याकडं आली. "माझ्या बाचं नाव पुसलं तिनं," एवढंच म्हणाली. मला खरंच वाईट वाटलं. मग लगेच म्हणाली, "येत्या आषाढाला बघ, तिचा वेल शोधाय लागंल लोकांना." तेव्हा वाईट वाटायचं थांबलं.

चौऱ्याहत्तरच्या आषाढात तिनं तुंबडी खाली काढली आणि सगळी ओतली. आपल्या तारेखाली पेरलं, माझ्या तारेखाली पेरलं. मला विचारलंसुद्धा नाही धड. "तुजी तार रिकामीच असती," म्हणाली. मी म्हटलं, "गिरजाबाई, मूठभर ठेवा. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना." तर म्हणाली, "एवढा पेरा फुलला म्हंजे पोतंभर बी हुईल. मुठीला कोन इचारतंय." तिच्या बापानं ऐकलं असतं तर तिथंच काठी घेतली असती. शेतकऱ्याची लेक, पण डोळ्यावर असूया चढली की माणसाला आपलंच शहाणपण दिसत नाही.

पण फुलला मात्र असा की मी तरी तसा घेवडा पुन्हा बघितला नाही. दोन्ही परसांच्या मागं नुसती जांभळी भिंत. तिच्या शेजारी हसीनाचा वेल म्हणजे लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसलेलं पोर. गिरजाबाई महिनाभर गाणं गुणगुणत होती. विमलबाईला हाताला धरून आणून दाखवलं. "ह्यो धोंडीबाचा घेवडा," म्हणाली, दोनदा.

मार्गशीर्षात शेंगांत नुकता दाणा भरत होता तेव्हा कंपनीनं ठरवलं, ओढ्याकडून चोऱ्या होतात, तार काढून विटांची भिंत घालायची. आम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल, कागद ऑफिसच्या पाटीवर लागला होता म्हणे. सकाळी ठेकेदाराची माणसं आली, खांब उपटले आणि तारेची गुंडाळी करत निघाली. वेल तारेतच. गिरजाबाई आडवी झाली, हात जोडले, म्हणाली, वाळू द्या, दोन महिने थांबा. तो मुकादम म्हणाला, "बाई, भाजीसाठी भिंत थांबत नाही." तिची तार गेली, माझ्या मागची गेली, मग हसीनाची गेली.

हसीना मेंदीपाशी उभी राहून बघत होती. आणि गिरजाबाई त्या तुटलेल्या वेलांच्या ढिगावर बसलेली, डोळ्यांत पाणी, मला म्हणते, "माझा गेला त्यो गेला. पन तिचा सुदिक गेला." त्या घडीलाही तिला एवढं समाधान हवं होतं.

संध्याकाळी घरात गेली आणि तुंबडीकडं नजर गेली तेव्हा तिला कळलं आपण काय केलंय. तुंबडी काढली. राख परातीत चाळली. पुन्हा चाळली. मी दारातूनच परत फिरले.

हिरव्या शेंगांतले दाणे तिनं वाळवले, ते सुकून सुरकुतले, नखाएवढेही राहिले नाहीत. चिखलीला जाऊन आली. भावाच्या घरी बी कुठलं, तोच कंपनीतून येताना मंडईतली भाजी आणत होता, आणि धोंडीबाच्या बांधावर आता पत्र्याची शेड होती. पंचाहत्तरचा आषाढ लागला. नव्या भिंतीच्या कडेला तिनं ते सुरकुतलेले दाणे पेरले. रोज माती उकरून बघायची. सगळे कुजले. आषाढ अर्धा सरला. घेवड्याचं असं असतं, आषाढ गेला की पेरून उपयोग नाही, वेल होतो पण शेंग धरत नाही. आणि त्या वर्षी बी मिळालं नसतं तर पुढच्या वर्षी ते आणणार कुठून.

अशात एका सकाळी हसीनाच्या भिंतीच्या बुडाशी रोपं दिसली. एक नाही, ओळ.

गिरजाबाई माझ्याकडं आली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "प्रभावती, तू जा अन् तिच्याकडनं बी मागून आन. तुला दील ती."

माझं टाळकं सटकलं. "गिरजाबाई," म्हटलं, "माझी आई बियासाठी पाटलाच्या दारात उभी राहायची. इतकी वर्षं तुमच्या भिंतीला भिंत लावून राहते, तुमच्याकडं एक दाणा मागितला का मी? स्वतःसाठी मागितलं नाही ते तुमच्यासाठी मागू? आणि ज्या बाईला तुम्ही तवा दाखवलात तिच्याकडं?"

ती पदर हातात धरून उभी होती. ओरडले खरी, पण तिच्याकडं बघून मला माझी आई दिसली, ह्याचा आणखी राग आला. म्हटलं, "चला. सोबत येते. पण तोंड तुमचं तुम्ही उघडायचं."

हसीनानं बसायला चटई टाकली. चहा टाकला. गिरजाबाई पावसाबद्दल बोलली, भिंतीबद्दल बोलली, अन्वरच्या ओव्हरटाइमबद्दल बोलली. चहा संपला. मी तिला कोपरानं ढोसलं.

"हसीना," ती म्हणाली, "जरा बी दे."

"कशाचं, वहिनी?"

"घेवड्याचं."

मुद्दाम की काय मला माहीत नाही. "कुठल्या?" तिनं विचारलं.

जे नाव पुसायला गिरजाबाईनं तुंबडी रिकामी केली होती तेच आता तिला तोंडानं घ्यायचं होतं. "तुज्या," ती म्हणाली. "तुज्या घेवड्याचं."

हसीना आत गेली आणि काचेची बरणी घेऊन आली. राखेत घोळवलेलं बी, अगदी गिरजाबाई ठेवायची तसं. मूठ भरून तिनं गिरजाबाईच्या ओंजळीत घातली, सांडू नये म्हणून तिची बोटं आपल्या हातानं मिटवली आणि म्हणाली, "सगळं पेरू नका, वहिनी. मूठभर घरात ठेवा. पीक बुडतं, बी बुडू नये." शब्द न् शब्द तोच. गिरजाबाई उठली. उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा हसीना मागून हळूच म्हणाली, "आणि हे तव्यावर ठेवलेलं नाही. खुशाल पेरा."

आवाज अगदी साधा होता. दुधाला साखर घातली आहे सांगावं इतका साधा. गिरजाबाई वळली नाही. ओंजळ छातीशी धरून माझ्या परसातून चालत गेली आणि आपल्या भिंतीपाशी मटकन बसली.

"तिला पयल्यापास्नं ठावं हुतं," ती म्हणाली.

"होतं."

"अन् तरी शेंगा आनून दिल्या. सणाला शीरकुर्मा दिला. दर साली."

"दिला."

"चार शिव्या घातल्या असत्या तर मी पन घातल्या असत्या, फिटलं असतं. आता मी तिच्यावर जळू कशी, सांग की." असं म्हणून ती जी रडायला लागली ती बराच वेळ. मी पाठीवरून हात फिरवला. मला वाटत होतं, बरं झालं.

निम्मं बी तिनं तुंबडीत टाकलं, निम्मं पेरलं. पेरता पेरता पाच-सहा दाणे माझ्या हातावर ठेवले. "धर," म्हणाली. "तू काय मागायची न्हाईस." मी दाणे उलटेपालटे करून दोन्ही बाजू बघितल्या. ती बघत होती. "बग, बग," म्हणाली. "तेवढं आता माझ्या नशिबाला हायच."

माणूस एका दिवसात बदलतं असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. घेवडा वर येऊ लागला तशी गिरजाबाई पुन्हा सकाळी माझ्या परसात धुणं वाळत घालायला येऊ लागली. तिची दोरी तिच्या परसात असताना. हसीनाचे वेल आधी पेरलेले, ते भिंतीवर चढून पलीकडे वाकले होते. कार्तिकात एका सकाळी ती मेंदीपाशी थबकली. भिंतीवर हसीनाच्या वेलाला पहिल्या शेंगा लागल्या होत्या, कोवळ्या, करंगळीएवढ्या, जांभळ्या काठाच्या. तिच्या आणि माझ्या वेलाला अजून फूलसुद्धा नव्हतं.

"बग ग प्रभावती," ती म्हणाली, आणि तिचा हात वर गेला. बोट सरळ. तेच खिळ्यासारखं. मी हातातलं खुरपं खाली ठेवलं. बोट हवेत तसंच राहिलं थोडा वेळ. मग तिनं ते दुमडलं आणि नुसत्या पेरानं शेंगा दाखवल्या, एकेक.

"तिला आदी लागल्या," ती म्हणाली. चेहरा असा की कच्चं कारलं चावलंय. मग माझ्या वेलाकडं वळून म्हणाली, ह्याला राख टाक, मावा पडंल. मी काही राख टाकली नाही. माझ्या वेलाकडं बघताना तिच्या डोळ्यांत जळफळाटाचा एक कणसुद्धा नव्हता, कोथिंबिरीकडं बघावं तशी बघत होती, आणि मला दोघींचा राग आला होता.